बेळगाव : जुन्या वाड्यातील खोल्यांचे भाडे, जादा वसुली आणि दाद मागण्याचा मार्ग

शहापूरची भाडेकरू

सर्वांना नमस्कार. आम्ही शहापुरात एका जुन्या वाड्यात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर भाड्याने घेऊन राहतो. माझे पती उद्यमबागेतील एका फाउंड्रीत कामाला आहेत आणि दोन्ही मुले याच भागातील शाळेत जातात, त्यामुळे घर बदलणे आम्हाला सोपे नाही. २०१९ मध्ये जुन्या मालकांशी स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार झाला. त्यात भाडे ४,००० रुपये, अनामत ५०,००० रुपये आणि करार पुढे चालू ठेवल्यास दरवर्षी पाच टक्के वाढ असे लिहिले आहे. पुढे लेखी करार झाला नाही, पण आम्ही राहत होतो आणि भाडे बँकेतून देत होतो.

जुने मालक वारले आणि त्यांचे चिरंजीव व्यवहार पाहू लागले, तेव्हापासून कुरबुरी सुरू झाल्या. सध्या भाडे ५,५०० रुपये आहे. त्याशिवाय 'मेंटेनन्स' म्हणून दरमहा ८०० रुपये रोख घेतले जातात आणि त्यांची पावती कधीच मिळत नाही. विजेसाठी आमच्या दारात सब-मीटर आहे आणि त्यावर प्रतियुनिट १२ रुपये आकारले जातात. मूळ मीटर मालकांच्या नावावर आहे आणि त्याचे बिल अनेकदा शून्य येते, हे मी स्वतः पाहिले आहे. आता त्यांच्या वकिलांकडून कन्नडमध्ये नोटीस आली आहे. शेजाऱ्यांनी वाचून सांगितले त्यावरून, पुढील महिन्यापासून ८,५०० रुपये द्यावेत, अन्यथा पंधरा दिवसांत घर सोडावे, असा तिचा आशय आहे.

माझे प्रश्न असे आहेत. भाडे वर्षाला चार टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही आणि अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही, असे मी मराठी वृत्तपत्रांत आणि व्हिडिओंत पाहिले आहे. ते आम्हाला लागू आहे का? जादा घेतलेली रक्कम परत मागायची असेल तर अर्ज डीसी ऑफिसमध्ये (जिल्हाधिकारी कार्यालयात) द्यायचा, कॉर्पोरेशनमध्ये द्यायचा की न्यायालयात? आणि अर्ज फेटाळला गेला तर त्यावर अपील कोठे करायचे?

अनगोळकर

ताई, नमस्कार. मी अनेक वर्षे एका वकिलांच्या कार्यालयात दिवाणी प्रकरणांची कागदपत्रे तयार करण्याचे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहीत आहे. अपिलाचा प्रश्न आपण शेवटी विचारला आहे आणि तो शेवटीच यायला हवा, कारण दाद कोठे मागायची हे आपले घर कोणत्या कायद्याखाली येते यावर अवलंबून आहे. आपल्या भागातील बहुतेक भाडेकरू हा पहिला प्रश्न सोडून थेट अर्ज करतात, आणि अर्ज गुणवत्तेवर नव्हे तर 'कायदा लागू नाही' एवढ्याच कारणाने निकाली निघतो.

चार टक्क्यांची मर्यादा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील आहे. तो ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्रात अमलात आहे आणि बेळगावच्या घरांशी त्याचा काही संबंध नाही. दोन महिन्यांच्या अनामतीची गोष्ट आदर्श भाडेकरार कायद्यातील आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी त्याला मंजुरी दिली, पण घरभाडे हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने एखादे राज्य तसा कायदा करीत नाही तोपर्यंत तो निव्वळ नमुना राहतो. आपल्याकडे विचार करायचा तो कर्नाटक भाडे अधिनियम, १९९९ चा. नावात १९९९ असले तरी तो ३१ डिसेंबर २००१ पासून अमलात आला आणि त्याने १९६१ च्या जुन्या भाडेनियंत्रण कायद्याची जागा घेतली.

हा कायदा सर्व घरांना लागू होत नाही. कलम २ च्या तिसऱ्या पोटकलमात वगळलेल्या जागांची यादी आहे. तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. बिगरनिवासी जागा वगळल्या आहेत, अपवाद फक्त चौदा चौरस मीटरपर्यंतच्या व्यापारी गाळ्यांचा. वडगाव-शहापुरात खोलीत माग बसवून धंदा करणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावे. नवे बांधकाम किंवा मोठे नूतनीकरण झालेले घर ते पूर्ण झाल्यापासून १५ वर्षे कायद्याबाहेर राहते. आणि ज्या घराचे मानीव (कायद्याने गृहीत धरलेले) किंवा प्रमाण भाडे ठरावीक मर्यादेच्या वर जाते, ते घरही बाहेर राहते. पहिल्या परिशिष्टाच्या भाग 'अ' मधील क्षेत्रांसाठी ही मर्यादा दरमहा ३,५०० रुपये आणि इतरत्र २,००० रुपये आहे.

येथे बहुतेक लोकांचा, कधीकधी वकिलांचाही, गोंधळ होतो. 'आमचे भाडे ५,५०० आहे, म्हणजे आम्ही कायद्याबाहेर' असे लोक धरून चालतात. पण ही मर्यादा आपण आज देत असलेल्या भाड्याला लावलेली नाही, ती प्रमाण भाड्याला लावलेली आहे. बांधकामाचा खर्च आणि बांधकाम सुरू झाले त्या वेळची जमिनीची बाजारभावाची किंमत, यांच्या बेरजेचे वार्षिक दहा टक्के म्हणजे प्रमाण भाडे, आणि पुढील काळासाठी ते तिसऱ्या परिशिष्टातील दरांनी वाढवत आणायचे असते. समजा, एखादा वाडा १९७१ मध्ये १५,००० रुपयांत बांधला आणि जमीन ३,००० रुपयांची होती. बेरीज १८,००० रुपये, तिचे दहा टक्के म्हणजे वर्षाला १,८०० रुपये, म्हणजे संपूर्ण वाड्याचे महिन्याचे १५० रुपये. त्यातील आपल्या खोल्यांचा वाटा काढला आणि ही रक्कम २००१ पर्यंत अनेक पटींनी वाढवली, तरी ती दोन हजारांच्या आतच राहील. तेव्हा आपले शहर परिशिष्टाच्या कोणत्या भागात येते, हा वादही अशा घराच्या बाबतीत उरत नाही.

म्हणून सर्वप्रथम दोन गोष्टी शोधाव्यात : वाडा केव्हा बांधला गेला आणि त्यानंतर त्यात मोठे नूतनीकरण झाले का. घरपट्टीची पहिली आकारणी कोणत्या वर्षी झाली, बांधकाम परवानगी केव्हा दिली गेली, हे कॉर्पोरेशनच्या दप्तरात असते. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर मालकी कशी बदलत आली तेही दिसते. मालक कागद देणार नाहीत, म्हणून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. कर्नाटकात अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. अर्ज एकाच विषयावर आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा, असा येथील नियम आहे. एकाच अर्जात घरपट्टी, परवानगी, पाणी आणि रस्ता असे सर्व विषय घातले की तो परत येतो. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर अपुरे असले तर पुढील तीस दिवसांत प्रथम अपील करता येते, आणि त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. परवानगीचे कागद दुसऱ्याचे म्हणून अधिकारी त्रयस्थ पक्षाची सबब पुढे करू शकतात. त्यासाठी नकाशाची प्रत न मागता परवानगीचा क्रमांक, तारीख आणि आकारणीचे वर्ष एवढेच मागावे.

निपाणीचा वाचक

चार टक्क्यांचा गैरसमज आमच्याकडे तर फारच आहे, कारण अर्धे नातेवाईक कागल-कोल्हापुरात राहतात आणि लग्नकार्यात भेटले की तिकडचे नियम इकडे सांगतात. थोडा इतिहास असा की, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता तेव्हा येथे १९४७ चा मुंबई भाडे कायदा लागू होता. राज्य पुनर्रचनेनंतर आपला भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि पुढे १९६१ च्या कायद्याने निरनिराळ्या भागांतून आलेले भाडेकायदे रद्द करून एकच कायदा आणला. म्हणूनच जुन्या वाड्यांच्या कागदपत्रांत काही वेळा मुंबई कायद्याखाली ठरलेल्या भाड्याचा उल्लेख सापडतो. ताईंच्या वाड्याबाबत असा एखादा जुना आदेश असेल तर तो दुर्लक्षित करू नये, कारण भाडे पूर्वी कोणी आणि किती ठरवले होते याचा तो चांगला पुरावा ठरतो.

टिळकवाडीतील घरमालक

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, तरीही लिहितो. वर दिलेल्या हिशेबाने महिन्याचे दीडशे रुपये निघतात हे वाचून कोणत्याही घरमालकाला धसका बसेल, आणि असे हिशेब नोटिसांतून पाठवले जाऊ लागले की समझोत्याची वाट बंद होते. घरपट्टी, पाणीपट्टी आणि छपराची दुरुस्ती यांचे दर १९७१ चे राहिलेले नाहीत. जुन्या वाड्याची कौले उतरवून पुन्हा बसवायला दर पावसाळ्याआधी किती खर्च येतो, हे भाडेकरूंना माहीत नसते.

कायद्यातही मालकाला भाड्याव्यतिरिक्त काही गोष्टी घेता येतात. कलम ८ प्रमाणे परिशिष्टात नमूद केलेल्या सुविधांसाठी, तसे उभयतांत ठरले असल्यास, भाड्याच्या पंधरा टक्क्यांपर्यंत रक्कम, देखभालीसाठी भाड्याच्या दहा टक्के, आणि घरपट्टीचा त्या जागेपुरता वाटा, हे सर्व भाडेकरूने द्यायचे असते. त्यामुळे 'मेंटेनन्स घेणे बेकायदेशीर आहे' असे सरसकट म्हणता येणार नाही. मात्र ८०० रुपयांची पावती न देणे हे चुकीचे आहे आणि त्यात मालकाचेच नुकसान होते, कारण उद्या ही रक्कम कशासाठी घेतली हे त्याला सिद्ध करता येणार नाही.

माझे मत असे आहे की, ताईंनी आधी बसून बोलावे. शहापुरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर यांना आज बाजारात काय भाडे मिळते, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते.

अनगोळकर

घरमालक महोदयांनी कलम ८ आणले हे बरे झाले, कारण ताईंची बाजू सर्वांत भक्कम तेथेच आहे. भाडे ५,५०० रुपये धरले तर दहा टक्के म्हणजे ५५० रुपये होतात. घेतले जात आहेत ८०० रुपये, म्हणजे महिन्याला २५० रुपये जादा. सुविधांचे पंधरा टक्के स्वतंत्र आहेत असा बचाव मालक करतील, पण त्यासाठी सुविधा कोणत्या आणि त्याबद्दल काय ठरले, हे त्यांना दाखवावे लागेल आणि २०१९ च्या करारात तसे काही नाही. पैसे परत मागण्याच्या दाव्याला मुदत कायद्याप्रमाणे साधारणपणे तीन वर्षांची मर्यादा असते, हे धरले तरी छत्तीस महिन्यांचे ९,००० रुपये होतात. रक्कम रोख दिल्याने पुरावा अवघड आहे. मोबाइलवरील 'आठशे पाठवा' अशा प्रकारचे संदेश, घरखर्चाची वही, शेजारच्या भाडेकरूंचे म्हणणे, जे असेल ते आताच एकत्र करावे. यापुढे मात्र एकही रुपया रोख देऊ नये. खात्यावर पाठवावा आणि 'अमुक महिन्याचे भाडे', 'अमुक महिन्याची देखभाल' असा उल्लेख वेगवेगळा करावा.

प्रमाण भाड्याच्या हिशेबाबद्दल त्यांचा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. तो हिशेब मी दिला तो आपले घर कायद्याच्या कक्षेत येते का, हे तपासण्यासाठी. ताई, त्यावरून आता दीडशे रुपयांत राहता येईल असे समजू नये. देय भाडे ठरवताना कायदा उभयतांत ठरलेल्या आणि परिशिष्टानुसार वाढवलेल्या भाड्याचाही विचार करतो, आणि आपण ५,५०० रुपये आपल्या खात्यातून देत आला आहात. कायदा लागू झाल्याने आपल्याला मुख्य लाभ होईल तो वेगळाच : पंधरा दिवसांच्या नोटिशीवर घर खाली करून मागता येणार नाही, कलम २७ मधील कारणांपैकी एखादे कारण न्यायालयात सिद्ध करावे लागेल. कायदा लागू नसेल तर मात्र १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०६ लागते आणि मासिक भाडेकरार पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपुष्टात आणता येतो. नोटीस त्याच कलमाखाली दिलेली दिसते, म्हणजे मालकांच्या वकिलांनी वाडा कायद्याबाहेर आहे असे गृहीत धरले आहे. तरीही नोटीस दिली म्हणून सोळाव्या दिवशी सामान रस्त्यावर काढता येत नाही, त्यासाठी दावा करून न्यायालयाचा हुकूमनामा मिळवावा लागतो.

आणि एक गोष्ट अगदी निक्षून सांगतो. वाद चालू असताना भाडे थांबवू नका. कलम २७ प्रमाणे मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत थकबाकी दिली नाही किंवा देऊ केली नाही, तर तेच घर खाली करण्याचे कारण होते. शिवाय कलम ४५ प्रमाणे थकबाकी भरल्याशिवाय आणि पुढचे भाडे भरत राहिल्याशिवाय भाडेकरूला आपली बाजू लढवता येत नाही, वरिष्ठ न्यायालयात पुनरीक्षण (आदेशाची फेरतपासणी) मागता येत नाही. जादा वसुलीचा राग म्हणून भाडे रोखून धरलेले आणि त्यामुळे चांगले प्रकरण हरलेले भाडेकरू मी पाहिले आहेत.

शहापूरची भाडेकरू

सर्वांचे मनापासून आभार. वाडा कधीचा याबद्दल घरपट्टीच्या जुन्या पावत्या शेजारच्या आजींकडे आहेत, त्या १९७० च्या दशकातील आहेत. मात्र २०१४ मध्ये मालकांनी मागच्या बाजूला नवे शौचालय बांधले, आमच्या खोल्यांची फरशी बदलली आणि दर्शनी भिंत नव्याने गिलावा करून रंगवली, असे आजी सांगतात. यामुळे १५ वर्षांची सूट त्यांना मिळेल का? आणि विजेबद्दल कोणी सांगितले तर बरे होईल, कारण दरमहा सर्वांत जास्त वाद तिथेच होतो.

हेस्कॉमचा निवृत्त कर्मचारी

हेस्कॉममध्ये, म्हणजे आपल्या भागातील वीज वितरण कंपनीत, काम केले असल्याने विजेपुरते मी सांगतो. राज्य सरकारची मोफत विजेची गृहज्योती योजना २०२३ च्या मध्यापासून सुरू झाली आणि तिचा लाभ भाडेकरूंनाही मिळतो. घर स्वतःचे असलेच पाहिजे अशी अट नाही. २०२२-२३ मधील सरासरी वापर आणि त्यावर ठरावीक वाढ (सुरुवातीला दहा टक्के) एवढी मोफत युनिटांची मर्यादा धरली जाते, आणि ती कोणत्याही परिस्थितीत २०० युनिटांवर जात नाही. वापर आपल्या मर्यादेत राहिला तर बिल शून्य येते, मर्यादा ओलांडली पण २०० च्या आत राहिला तर वरच्या युनिटांचे पैसे द्यावे लागतात, आणि २०० च्या वर गेला तर संपूर्ण बिल भरावे लागते. ही सवलत जोडणीमागे एक असते. आपल्या वाड्यात जोडणी एकच आणि तिच्याखाली सब-मीटर लावलेले, म्हणजे सर्व खोल्यांचा वापर एकाच खात्यावर मोजला जातो. त्यामुळे बिल काही महिने शून्य आणि काही महिने भले मोठे, असे होत असणार. मालक कधी आपल्या खिशातून भरत असतील हेही शक्य आहे, म्हणून एक-दोन नव्हे तर सलग वर्षभराची बिले पाहूनच आरोप करावा.

पण बिल शून्य असलेल्या महिन्यात १२ रुपये दराने वसूल करणे समर्थनीय नाही. वीज विकण्यासाठी २००३ च्या विद्युत कायद्याप्रमाणे परवाना लागतो आणि घरमालकाकडे तो नसतो; फार तर त्याने भरलेल्या बिलाचा आपल्या वापरापुरता हिस्सा तो मागू शकतो. याबद्दल हेस्कॉमकडे तक्रार केली तर अधिकारी 'हा मालक-भाडेकरू यांचा खासगी व्यवहार आहे' असे सांगण्याची शक्यता आहे, कारण त्यांच्या लेखी ग्राहक म्हणजे ज्याच्या नावावर खाते आहे तो.

त्यापेक्षा खरा उपाय म्हणजे स्वतंत्र मीटर. त्याच कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे मालकाला जशी तशीच त्या जागेत राहणाऱ्यालाही जोडणी मागता येते. मालक ना-हरकत पत्र देत नाहीत म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. अर्जासोबत भाडेकरार, आधार आणि त्या पत्त्यावर राहत असल्याचा पुरावा जोडावा आणि अर्जाची पोच घ्यावी. कार्यालयाने जोडणी नाकारली तर नकार लेखी मागावा. त्यावर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते आणि मंचाच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते. या वाटेला वकील लागत नाही. स्वतःच्या नावावर जोडणी झाली की गृहज्योतीसाठी सेवा सिंधू या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर आपली नोंदणी करावी.

अनगोळकर

२०१४ च्या कामाबद्दल. कायद्यात सूट आहे ती मोठ्या नूतनीकरणाला. मागच्या बाजूला शौचालय, फरशी आणि गिलावा एवढ्यावर जुना वाडा नवा झाला असे म्हणणे मला तरी टिकाऊ वाटत नाही. पण मालकांनी तो मुद्दा मांडला आणि तो ग्राह्य धरला गेला, तर १५ वर्षे २०२९ पर्यंत जातात आणि तोवर आपण कायद्याबाहेर राहता, एवढे त्यात पणाला लागलेले आहे. म्हणून माहिती अधिकाराच्या अर्जात '२०१० ते २०१६ या काळात या मालमत्तेवर बांधकाम किंवा दुरुस्तीची परवानगी दिली गेली आहे का' हा एक प्रश्न नक्की घालावा. परवानगीच घेतलेली नसेल तर मोठ्या नूतनीकरणाचा दावा करणे मालकांना अवघड जाईल. आजींकडच्या पावत्यांची छायाचित्रे आजच काढून ठेवा.

आता अपिलाविषयी. कायद्यात दोन स्वतंत्र वाटा आहेत. प्रमाण भाडे ठरवून घेण्यासाठी शासनाने नेमलेल्या नियंत्रकाकडे अर्ज करायचा असतो. हा कार्यभार सध्या कोणाकडे आहे, हे चन्नम्मा सर्कलजवळच्या डीसी ऑफिसात विचारावे. कॉर्पोरेशनचा यात काही अधिकार नाही. घर खाली करण्याचा वाद मात्र न्यायालयात चालतो : बेंगळूरुमध्ये लघुवाद न्यायालयात आणि आपल्याकडे दिवाणी न्यायाधीशांसमोर. त्या निर्णयावर नेहमीसारखे अपील नाही. कलम ४६ प्रमाणे पुनरीक्षण आहे, आणि आदेश कोणत्या न्यायालयाचा यावर ते जिल्हा न्यायाधीशांकडे की उच्च न्यायालयाकडे, हे ठरते. उच्च न्यायालयात जायचे झाले तर आपल्या जिल्ह्यासाठी धारवाडचे खंडपीठ आहे, बेंगळूरु गाठावे लागत नाही.

अपील आणि पुनरीक्षण यांतील फरक भाडेकरूंना फार उशिरा कळतो. पुनरीक्षणात साक्षीपुरावा नव्याने तोलला जात नाही, आदेश कायदेशीर आणि योग्य आहे की नाही एवढेच पाहिले जाते. वेगवेगळ्या राज्यांच्या भाडेकायद्यांतील या अधिकाराविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१४ मध्ये हीच मर्यादा आखून दिली. खाली न दाखवलेली पावती वर दाखवता येईल, या आशेवर कोणी राहू नये. वर्ष, खर्च, जादा रक्कम यांचा एकूण एक कागद पहिल्याच अर्जाला जोडायचा. आदेश झाला की त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज द्यावा, कारण प्रत तयार होण्यास लागलेला काळ मुदतीतून वजा होतो, पण अर्ज करण्यात आपण घालवलेले दिवस वजा होत नाहीत.

आणखी एक. मालक बदलले आहेत आणि नवा करार झालेला नाही. उद्या चिरंजीवांनी 'या आमच्या भाडेकरूच नाहीत' अशी भूमिका घेतली, तर भाडे अधिनियमाच्या कलम ४३ चा प्रश्न उभा राहतो. लेखी करार असेल तर तो नाते असल्याचा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो, आणि कागद नसेल तर पक्षांना दिवाणी न्यायालयाकडे पाठवले जाऊ शकते. २०१९ चा मूळ स्टॅम्प पेपर आणि त्यांच्या खात्यावर गेलेल्या भाड्याच्या नोंदी, या दोन्हींना सोन्यासारखे जपा.

खानापूरकर

कन्नड नोटिशीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. शेजाऱ्यांनी वाचून सांगितलेल्या आशयावर विसंबून उत्तर देऊ नका. दोन्ही भाषा जाणणाऱ्या वकिलांकडून ओळीन् ओळ समजून घ्या. त्यात 'भाडेकरार संपुष्टात आणला आहे' असे म्हटले आहे की फक्त 'भाडे वाढवा' असे, यावर उत्तर पूर्ण बदलते.

शासकीय कार्यालयात मराठी अर्ज चालेल का, हेही आपल्याकडे नेहमी विचारले जाते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याच्या निवारणासाठीचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे देता येते. त्यामुळे मराठी अर्ज नाकारला तर हा अनुच्छेद दाखवावा. पण त्याच भाषेत उत्तर मिळेल याची हमी त्यात नाही, आणि न्यायालयातील दाव्याला तो लागू नाही. हक्क बजावायचा आणि कामही व्हायला हवे असेल तर मराठी अर्जासोबत कन्नड अनुवाद जोडणे मला श्रेयस्कर वाटते. तत्त्वाची लढाई भाडेकरूने एकट्याने आपल्या फाइलीवर लढू नये.

खर्चाची काळजी असेल तर, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. ताई, अर्ज आपल्या नावाने करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच आहे. तेथे दावा दाखल होण्यापूर्वीही वाद लोकअदालतीत ठेवता येतो, त्यामुळे टिळकवाडीच्या घरमालकांनी सुचवलेली तडजोड तेथे लेखी स्वरूपात होऊ शकते. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते. म्हणून तेथे सही करण्यापूर्वी भाडे किती, वाढ केव्हा आणि किती टक्के, देखभाल किती, वीज कोणाच्या मीटरवर, अनामत केव्हा आणि किती परत, हे सर्व निवाड्यात लिहिले गेले आहे की नाही ते पाहावे.

शहापूरची भाडेकरू

करार २०१९ चा माझ्या नावावरच आहे, त्यामुळे विधी सेवेचा अर्ज मी करीन. उत्तराच्या नोटिशीत काय असावे, एवढे कोणी थोडक्यात सांगावे.

अनगोळकर

मसुदा वकील करतीलच, पण या गोष्टी त्यांना सांगाव्यात. वाडा १९७० च्या दशकातील असल्याने त्याला १९९९ चा अधिनियम लागू आहे असे आपले म्हणणे आहे आणि म्हणून पंधरा दिवसांची नोटीस आपल्याला मान्य नाही. ५,५०० रुपये भाडे आपण नियमित देत आहात आणि देत राहणार आहात. ८,५०० रुपयांपर्यंतची वाढ एकतर्फी आहे. २०१९ च्या करारात वर्षाला पाच टक्के वाढ लिहिलेली होती, आणि ४,००० रुपयांवर ती धरली तर २०२३ मध्येही भाडे ४,८६२ रुपयांच्या आसपास राहिले असते. देखभालीच्या नावाखाली घेतलेल्या जादा रकमेचा हिशेब आणि विजेची वर्षभराची बिले मागावीत, आणि स्वतंत्र जोडणीसाठी अर्ज केला असल्यास त्याची तारीख द्यावी. परताव्याचा आकडा आताच लिहू नये. 'हक्क राखून ठेवला आहे' एवढे पुरे, कारण माहिती अधिकारातून आलेल्या कागदांनंतर तो आकडा बदलू शकतो. उत्तर पोच मिळेल अशा नोंदणीकृत स्पीड पोस्टाने, नोटिशीतील मुदत संपण्यापूर्वी जायला हवे.